टर्बोची काळजी नंतर, आधी प्लेनमखालचे होज बघा

तुमचा प्रश्न असा आहे: जपानहून आलेली 1991 ची निसान फेअरलेडी झेड, म्हणजे जपानबाहेर 300 झेडएक्स नावाने विकली गेलेली झेड-32. ट्विन टर्बो, पाच गिअरची मॅन्युअल, मीटरवर 1,28,000 किलोमीटर. आठवड्यातून दोन-तीनदा कामावर न्यायची, सुट्टीत लांब फिरवायची. विकणारा म्हणतोय इंजिन टकाटक आहे. तुम्हाला विचारायचंय ते एवढंच, की दोन-दोन टर्बो असलेली इतकी जुनी गाडी भरवशाची असते का आणि ते टर्बो किती टिकतील.

या गाड्या मी गेली 22 वर्षं खोलतोय, बसवतोय. पहिल्यांदा झेड घेणारा प्रत्येक जण आधी टर्बोबद्दलच विचारतो. साहजिक आहे, कारण तो भाग महाग आणि नाजूक म्हणून प्रसिद्ध आहे. पण माझ्याकडे टो होऊन आलेल्या झेड आठवल्या, तर निव्वळ टर्बो गेला म्हणून आलेल्या फार थोड्या. बाकीच्या आल्या त्या कूलंटचा होज फुटला म्हणून, कनेक्टर सडला म्हणून, इंजेक्टरने, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या नळीने, दगा दिला म्हणून, नाहीतर आधीच्या कुणी वायरिंगमध्ये हात घातला म्हणून. त्यामुळे तुमचा प्रश्न मी थोडा बदलून घेतो. तीस वर्षांहून जास्त काळ इंजिनाच्या उष्णतेत भाजलेलं रबर, प्लास्टिक आणि वायरी आज कुठल्या अवस्थेत आहेत, आणि हात न पोचणाऱ्या जागी शेवटचा हात कुणी घातला होता? याचं उत्तर मिळालं की टर्बोचं उत्तर सोपं आहे.

इंजिनाबद्दल चांगलं आहे ते आधी सांगतो. व्हीजी30डीईटीटी हे 2960 सीसीचं व्ही-6, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमची, 24 व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन 8.5. 1989 साली ही गाडी 280 पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) घेऊन आली, आणि त्यानंतर 2004 पर्यंत जपानी कंपन्यांनी आपसात ठरवून आपल्या देशातल्या गाड्यांचा जाहीर आकडा तिथेच थांबवला. अमेरिकेत याच इंजिनाची मॅन्युअल गाडी 300 हॉर्सपॉवरची म्हणून विकली गेली. कारखान्याचं बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात हवा ढकलतो तो दाब, 0.6 बारच्या आसपास, म्हणजे इंजिनाच्या ताकदीच्या मानाने बेताचं. वेळेवर ऑइल बदललेल्या गाडीत क्रँक आणि बेअरिंगची बाजू झिजलेली मला क्वचितच दिसली. लोखंड आणि ॲल्युमिनियम या गाडीला दगा देत नाही.

दगा देते ती जागा. एवढं मोठं इंजिन, त्याच्या दोन्ही कुशींना खाली एकेक टर्बो, प्रत्येक बाजूला वेगळा इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा), वेगळी थ्रॉटल बॉडी (हवेची झडप), आणि वरून बोनेट एकदम बसकं. गाडी जोरात चालवून थांबवलीत की दोन्ही बाजूंचे तापलेले टर्बाइन ती सगळी धग वर सोडतात. वर असतो प्लेनम, म्हणजे सहाही सिलिंडरांना हवा वाटणारा ॲल्युमिनियमचा मोठा डबा. भांड्यावर झाकण ठेवावं तसा तो बसलेला असतो. त्या झाकणाखाली, व्हीच्या खोबणीत, सहा इंजेक्टर, पेट्रोलचे आखूड होज, हीटरकडे जाणारे कूलंटचे होज, नॉक सेन्सर (सिलिंडरमधले अवेळी स्फोट ओळखणारा) आणि त्या सगळ्यांचं वायरिंग. बाहेरून यातलं जवळपास काहीच दिसत नाही. म्हणून बोनेट उघडल्यावर चकाचक पॉलिश केलेलं इंजिन बघून मी कधीच मत बनवत नाही.

एक प्रसंग सांगतो. 1990 ची लाल गाडी, मालक हौशी, दर 5,000 किलोमीटरला ऑइल बदलणारा. तक्रार अशी की थंड असताना गाडी छान चालते, पण अर्धा तास झाला की मिसिंग सुरू होतं आणि पिकअप जातो. आधीच्या एका गॅरेजने त्याला सरळ सांगितलं होतं, डावा टर्बो गेलाय, इंजिन उतरवावं लागेल. मी टर्बोला हात लावला नाही. मल्टिमीटर घेतला आणि सहा इंजेक्टरांचा रेझिस्टन्स मोजला. प्लेनम न काढताही, थोडी कसरत केली तर कनेक्टरांपर्यंत मीटरची टोकं पोचतात. चांगला इंजेक्टर 10 ते 14 ओहममध्ये हवा. थंड इंजिनावर सहाही बरोबर आले. मग गाडी फिरवून आणली, पूर्ण तापू दिली आणि तशीच गरमागरम परत मोजली. पाच जागेवर होते. सहाव्याचा आकडा स्थिर राहीना, बघता बघता चढत गेला आणि मीटरने सर्किट तुटल्याचं दाखवलं. दहा मिनिटं थंड होऊ दिल्यावर पुन्हा बरोबर. आतली वायंडिंग तापली की उघडत होती.

प्लेनम काढल्यावर खरं चित्र दिसलं. मागच्या बाजूचा हीटरचा होज मी नुसता दोन बोटांत धरून वाकवला, तर त्याची साल बिस्किटासारखी तुटून हातात आली आणि आतले धागे दिसले. इंजेक्टरच्या दोन कनेक्टरांच्या पिना हिरव्या पडलेल्या. कनेक्टर उघडायला गेलो तर त्यांच्या प्लास्टिकच्या खिट्ट्या भुगा होऊन पडल्या. तो होज आणखी दोन-तीन महिन्यांत रस्त्यात फुटला असता, कूलंट गेलं असतं आणि ॲल्युमिनियमची हेड वाकली असती. मिसिंग झालं म्हणून ते इंजिन वाचलं. आजही ती गाडी त्याच टर्बोंवर चालते.

इंजेक्टर मी इतका मनावर का घेतो तेही सांगतो. साध्या इंजिनात एक इंजेक्टर अडखळला तर गाडी धक्के खाते, एवढंच. इथे बूस्टखाली त्या एका सिलिंडरला हवा पूर्ण मिळते आणि पेट्रोल कमी. मिश्रण पातळ होतं, तापमान चढतं, मिश्रण आपोआप भडकून अवेळी स्फोट होऊ लागतात, यालाच नॉकिंग म्हणतात, आणि पिस्टनच्या रिंगांमधला कडेचा भाग तुटतो. मग लोक म्हणतात, टर्बोची गाडी होती, इंजिन उडालं. सुरुवातीच्या बनावटीच्या इंजेक्टरांची वायंडिंग इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल फार काळ सोसत नाही. नव्वदच्या मध्यानंतर आलेल्या नव्या बनावटीचे बरेच टिकाऊ आहेत. तुमची गाडी 1991 ची, तेव्हा इंजेक्टर मूळचेच असतील तर ते बदलायचे असंच धरून चाला.

आणि प्लेनम एकदा काढला की काटकसर करायची नाही, हा माझा ठाम नियम आहे. खालचे सगळे कूलंटचे होज, सगळे पेट्रोलचे होज, सगळे व्हॅक्यूमचे पाइप, गॅस्केट, इंजेक्टरांच्या रिंगा आणि कनेक्टर, नॉक सेन्सर आणि त्याची वायर, सगळं एकदम बदलायचं. यातली बहुतेक वस्तू स्वस्त, मेहनत मात्र मोठी. एक होज बदलून झाकण लावलं की सहा महिन्यांत दुसरा फुटतो आणि तीच मेहनत परत. मी स्वतः सुरुवातीच्या काळात ग्राहकाचा खर्च वाचावा म्हणून "हा होज अजून चालेल" असं म्हणून दोन गाड्या बंद केल्या होत्या. दोन्ही परत आल्या, त्यातली एक हेड गॅस्केट उडवून. त्या दिवसापासून अर्धं काम करायचं असेल तर मी गाडी घेत नाही.

आता टायमिंग बेल्ट. इथे मुळीच सूट नाही. एकच लांब पट्टा चारही कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, फिरवतो, आणि इंजिन असं आहे की पट्टा तुटला किंवा दात सरकले की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. मुदत 1,00,000 किलोमीटर सांगतात, पण रबर वयानेही मरतं. माझा हिशेब किलोमीटर काही असोत, सात वर्षांचा. पट्ट्याबरोबर टेन्शनर, दोन्ही आयडलर, क्रँकचं पुढचं सील, चारही कॅमची सील आणि वॉटर पंप. सील गळून ऑइल पट्ट्यावर आलं तर नवा पट्टाही फार दिवस टिकत नाही, म्हणून सील सोडायची नाहीत.

जपानहून आलेल्या गाडीत एक सोय असते. तिथे पट्टा बदलला की इंजिनखान्यात तारीख आणि किलोमीटर लिहिलेला स्टिकर लावायची पद्धत आहे. तो शोधा. पण वाचताना साल नीट समजून घ्या. एक गृहस्थ माझ्याकडे खुशीत आले होते, पट्टा 2015 साली बदललाय म्हणून. स्टिकरवर 15 होतं हे खरं. पण ते साल हेइसेइ काळगणनेतलं, जी 1989 पासून मोजतात. हेइसेइ 15 म्हणजे 2003. त्यांचा पट्टा ते समजत होते त्यापेक्षा 12 वर्षांनी जुना निघाला. कव्हर काढून बघितलं तर पट्ट्याच्या पाठीवर आडव्या भेगा पडलेल्या होत्या, नखाने खरवडलं तर काळी पूड निघत होती. त्याच पट्ट्यावर ते गाडी पळवत होते. स्टिकरवरचे किलोमीटर आणि मीटरवरचे किलोमीटर यांचा मेळ बसतो का, तेही त्याच वेळी कळतं.

आता टर्बो. टर्बोची दांडी मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेते आणि ती ऑइलच्या पातळ थरावर तरंगते. ऑइल स्वच्छ आणि पुरेशा दाबाने मिळालं तर ती झिजत नाही. म्हणून चांगलं सिंथेटिक ऑइल आणि फिल्टर दर 5,000 किलोमीटरला, गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा. निघाल्यावर ऑइल तापेपर्यंत जोर लावायचा नाही. कूलंटचा काटा आधी चढतो, ऑइल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. पोचायच्या आधीची शेवटची दोन-तीन किलोमीटर शांतपणे चालवा आणि मग बंद करा. या टर्बोंना ऑइलसोबत कूलंटचंही थंडावण आहे, त्यामुळे रोजच्या चालवण्यात बंद करण्याआधी पाच-पाच मिनिटं ताटकळायची गरज नसते. डोंगर चढून लगेच चावी फिरवलीत तर मात्र बेअरिंगमधलं ऑइल जळून कोळसा धरतं आणि बारीक नळ्या तुंबतात.

टर्बो तपासताना धुराचा रंग आणि वेळ बघा. थंड स्टार्टला निळा धूर येऊन दोन मिनिटांत गेला तर बहुधा व्हॉल्व्हची सील. दहा मिनिटं न्यूट्रलला चालू ठेवून मग रेस दिल्यावर निळा ढग आला तर टर्बोच्या सीलचा संशय घ्यायचा. दांडी हाताने हलवून बघायची वेळ आली तर बाजूला अगदी किंचित हलणं चालतं, पुढे-मागे मुळीच हलता कामा नये. कारखान्याच्या बूस्टवर, वेळच्या वेळी ऑइल मिळालेले मूळचे टर्बो या मीटरच्या दुप्पट चाललेले मी पाहिलेत. पण तुमच्या गाडीचे खरंच गेलेले निघाले, तर दोन्ही बदलण्यासाठी मी इंजिन खाली उतरवतो. हातच पोचत नाही. तो खर्च टर्बोच्या किमतीइतकाच मजुरीचा असतो.

काळा धूर हे वेगळं प्रकरण आहे, आणि तिथे बरेच मेकॅनिक चुकतात. या गाडीत फिल्टरच्या लगेच मागे एकच एअरफ्लो सेन्सर आहे. त्याने हवा मोजली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, तेवढ्या हवेचं पेट्रोल देतो. पुढे इंटरकूलरच्या वाटेवर एखादा होज चिरला असेल किंवा क्लॅम्प सैल असेल तर मोजलेली हवा वाटेतच निसटते. पेट्रोल मात्र पूर्ण येतं. प्लग काळे, सायलेन्सरमधून काजळी, पेट्रोल जास्त पितं, बूस्ट कमी. मग कुणीतरी टर्बो कमजोर झालाय म्हणतो. प्रत्यक्षात एक क्लॅम्प आवळायचा असतो. पाइपमध्ये हलका दाब भरून साबणाचं पाणी मारा, बुडबुडे जागा दाखवतात. आवाजासाठी हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवलेल्या गाड्यांत हेच होतं, कारण कारखान्याचा व्हॉल्व्ह हवा परत आत नेतो.

यावरून बदल केलेल्या गाड्यांचा मुद्दा येतो. जपानमध्ये या गाड्यांवर हौसेने खूप प्रयोग झाले. 180 किलोमीटरच्या वेगमर्यादेला चकवणारी पेटी, टर्बो टायमर (चावी काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारा), बूस्ट कंट्रोलर, जादा मीटर, गाडी विकताना हे सगळं काढून घेतात आणि कापलेल्या वायरी इन्सुलेशन टेपने गुंडाळून सोडून देतात. शेजारच्या सीटच्या पायाशी कार्पेट उचला आणि ईसीयूच्या जुडग्याकडे बघा. टेपच्या गाठी दिसल्या तर सावध व्हा. मला दोन गाड्यांतून निवडायची असेल, तर 80,000 चाललेल्या आणि बूस्ट वाढवलेल्या गाडीपेक्षा 1,60,000 चाललेली, मूळ सायलेन्सर आणि मूळ फिल्टरची डबी शाबूत असलेली गाडी मी डोळे झाकून घेईन.

ईसीयूपाशी आहातच तर त्याच्यावरचा छोटा स्क्रू फिरवून कोड वाचता येतात, लाल दिवा लुकलुकतो. 55 म्हणजे नोंदलेला दोष नाही. 34 हा नॉक सेन्सरचा. तो आला तर ईसीयू सुरक्षेसाठी इंजिनाला मागे खेचतो, गाडी सुस्त वाटते, आणि सेन्सर प्लेनमखालीच असल्याने वर सांगितलेलं सगळं काम आलंच. कोड न येता गरम झाल्यावर गाडी अचानक बंद पडत असेल तर इग्निशनच्या पॉवर ट्रान्झिस्टर युनिटवर नजर ठेवा. सुरुवातीच्या गाड्यांत ते इंजिनाच्या पुढच्या अंगाला, थेट धगीत बसवलेलं आहे. निसानने पुढे ते तिथून हलवलं. तुमच्या सालच्या गाडीत ते हलवून घ्यावं, असं मी सांगेन.

बाकीचं भराभर सांगतो. मागची चाकं वळवणाऱ्या सुपर हायकासची 1991 च्या गाडीतली यंत्रणा हायड्रॉलिक आहे, तिच्या नळ्या आणि मागचे जॉइंट गळतात का बघा. रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या तपकिरी पडल्या असतील तर तो बदलायचाच. कूलंट भरताना मागचा हवा काढायचा स्क्रू विसरलात तर हवेचा फुगा अडकतो आणि काटा नाचतो. एसीत मूळचा आर-12 वायू असेल, तो आता मिळणं मुश्कील. टायरवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचा, खाचा भरपूर असल्या तरी दहा वर्षांचा टायर या ताकदीच्या गाडीला नको.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल नियमित मिळणार नसेल तर ही गाडी घेऊ नका. तुमचा प्रवास बहुतांश तुंबलेल्या रहदारीचा असेल तर इंजिनखाना सतत तापलेला राहील आणि वर सांगितलेलं सगळं लवकर येईल. दुसरी गाडी हाताशी हवी, कारण एखादा भाग यायला काही आठवडे लागू शकतात. आणि जवळ झेडवर काम केलेला माणूस नसेल तर तुम्हाला स्वतः पाना हातात घ्यावा लागेल. निव्वळ हुशार मेकॅनिक पुरत नाही, या गाडीत कुठला बोल्ट कुठल्या बाजूने सुटतो हे हाताला माहीत असावं लागतं. गाडी वर्षानुवर्षं उभी होती की चालत होती हेही विचारा. चालत्या गाडीचे होज-सील निदान ओले राहतात, उभ्या गाडीचे वाळून चिरतात.

बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधीच सांगा, इंजिन थंड ठेवा. पोचल्यावर बोनेटला हात लावून खात्री करा. पहिला स्टार्ट तुमच्यासमोर होऊ दे. मग चांगली अर्धा तास चालवा, परत आल्यावर गरम इंजिनावर सहाही इंजेक्टर मोजा, शक्य असेल तर कॉम्प्रेशनही घ्या. सिलिंडरांमधला फरक 14 पीएसआयच्या आत असेल तर इंजिन निरोगी समजा. हे जमलं, वायरिंगला कुणी हात लावलेला नसला, तर गाडी घ्या, आणि प्लेनमखालचं सगळं काम व पट्टा यांचा खर्च गाडीच्या किमतीतच धरा. त्यानंतर आठवड्यातून तीनदा कामावर नेण्याइतकी ती नक्की भरवशाची आहे.

एक मात्र कराच. पट्टा बदलल्याचा पटणारा कागद किंवा स्टिकर मिळाला नाही, तर विकणारा काहीही म्हणो, ती अर्ध्या तासाची चाचणीही घेऊ नका आणि व्यवहार झाल्यावर गाडी चालवत घरी आणू नका. ट्रेलर बोलवा, थेट गॅरेजमध्ये उतरवा, पट्टा बदला, आणि मगच चावी फिरवा.